शांतपणे गेले

“हळू म्हणावं तिला. पाय आहे माझा, वल्हं नव्हे,” म्हातारा नावाडी कण्हत म्हणाला.

“तो म्हणतोय, तुमचा हात फार हलका आहे,” मैनेनं सिस्टरांना इंग्रजीत सांगितलं.

सिस्टर खाली बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. चिमट्यातला बोळा जखमेच्या कडेनं फिरवताना त्यांनी मान वर केली नाही. “हात हलका असता तर त्याचं तोंड काढा प्यायल्यासारखं झालं नसतं. खरं काय म्हणाला ते सांग.”

मैनेनं नाइलाजानं सांगितलं. सिस्टरांना हसू आलं. ते बघून नावाड्यानंही आपले उरलेसुरले दात दाखवले आणि पाय जरासा पुढे केला.

मैना म्हणजे दवाखान्यात झाडलोट करणारी बाई. तिचं खरं नाव सिस्टरांच्या जिभेला झेपत नव्हतं, आणि ती सकाळी आल्यापासून जाईपर्यंत बोलत असे, म्हणून सिस्टरांनी तिला मैना करून टाकलं होतं. मैना म्हणजे काय ते बोटांची चोच करून दाखवलं तेव्हा ती खूश झाली होती. पूर्वी कुठल्याशा साहेबाच्या घरी कामाला असताना ती इंग्रजी शिकली होती. सिस्टरांचं इंग्रजी वॉर्डात राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या मागे उभं राहून जमवलेलं. दोघींची दोन लंगडी इंग्रजी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बरी चालत. मैनेला खोड एकच होती. कडू ते गाळायचं आणि गोड तेवढं पुढे द्यायचं. पेशंट शिव्या घालायचा आणि मैना आशीर्वाद सांगायची.

दवाखाना पत्र्याच्या छपराचा, तीन खोल्यांचा. एकीत डॉक्टर बसत, दुसरीत औषधांची कपाटं, आणि तिसरीत ड्रेसिंगची खाट, सलाइन टांगायला भिंतीत ठोकलेला खिळा आणि एका चाकानं अडून बसणारी ट्रॉली. बाहेर लांब व्हरांडा. सकाळी दार उघडायच्या आधीच तिथे रांग लागलेली असे. पहिले काही दिवस लोक सिस्टरांना ‘परदेशी’ म्हणत. मग कुणीतरी त्यांच्या भाषेत ‘आत्या’ म्हणालं आणि तेच चिकटलं. नावाडी मात्र ‘परदेशी’वर अडून राहिला. “आत्या म्हणायला ती माझ्या बापाची बहीण आहे का?” असं त्याचं म्हणणं.

सिस्टर इथे आल्या त्याआधी नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सारी नोकरी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात काढली. नवरा तरुणपणीच अपघातात गेला. पदरी लहान मुलगा आणि कामाच्या पाळ्या, त्यामुळे त्यांची आई बोचकं घेऊन त्यांच्याकडे आली ती कायमचीच. पोराला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, मारलं आणि जवळ घेतलं ते आजीनंच. सिस्टर बिऱ्हाडात पाहुण्यासारख्या येत आणि जात. पुढे मुलगा मोठा झाला, सून आली, नात झाली, आणि निवृत्तीच्या आदल्या वर्षी तापाची मोठी साथ आली त्यात आई गेली.

परदेशातल्या एका धर्मादाय दवाखान्याला सहा महिन्यांसाठी अनुभवी नर्स हवी आहे, पगार नाही, राहणं-जेवण तेवढं मिळेल, असं एका जुन्या डॉक्टरांकडून कळलं तेव्हा सिस्टर लगेच हो म्हणाल्या.

“आई, इथे काय आजारी माणसांचा दुष्काळ पडलाय का?” मुलगा म्हणाला. “आणि भाषा येत नाही, पाणी मानवेल न मानवेल. जन्मभर राबलीस, आता जरा टेक की.”

“जाऊ दे रे त्यांना,” सून म्हणाली. “घरात बसल्या तर दिवसभर आपल्याच नाड्या बघतील.”

सुनेनं ते थट्टेवारी नेलं खरं, पण तिला कारण ठाऊक होतं. आईची खोली रिकामी झाली तरी त्या दारावरून जाताना सिस्टर अजून पाय दाबून चालत, म्हातारीची झोप मोडू नये म्हणून. एकदा सुनेनं ते पाहिलं, आणि ती काहीच बोलली नाही. तिनं काही न बोलणं सिस्टरांच्या जिवाला फार लागलं होतं.

इथे काम तेच होतं. जखमा त्याच, ताप तोच, बाळाला सुई टोचताना आयांनी तोंड फिरवणंही तेच. ‘दुखतं का’, ‘श्वास घ्या’, ‘घर कुठे’, ‘उद्या या’ असे थोडे शब्द सिस्टरांनी पाठ केले होते. बाकी सगळं मैनेच्या हवाली.

नावाड्याला साखरेचा आजार होता. काठावर पालथी पडलेली होडी जरा वर ओढताना पायाला काहीतरी लागलं, त्याच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही, आणि जखम आत आत गेली. तशी आता होडीही नावालाच होती. नदीवर पूल झाला तेव्हापासून त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. बायको जाऊन वर्षं लोटली होती. एकुलती एक मुलगी लांबच्या एका श्रीमंत देशात एका म्हातारीला सांभाळायच्या नोकरीवर होती.

“माझी पोर तिकडे दुसऱ्याच्या आईचं करते,” एकदा पट्टी बांधून घेताना तो म्हणाला, “आणि तू दुसऱ्याच्या देशातून येऊन माझं करतेस. हा काय कारभार आहे? ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसावं की.”

या वेळी मैनेनं शब्दही गाळला नाही. सिस्टर म्हणाल्या, “त्याला सांग, घरी बसायची तुझ्या पोरीला आणि मला, दोघींनाही सवय नाही.”

तो खो खो हसला आणि त्याला ठसका लागला.

मग एका सोमवारी पट्टी सोडली तर बोटं काळी पडलेली. वास बदलला होता. सिस्टरांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर तरुण होते, भले होते, आणि कायम अर्धवट झोपेतून उठल्यासारखे दिसत. त्यांनी पाय बघितला, कपाळाला हात लावून ताप बघितला आणि सिस्टरांना दाराशी बोलावलं.

“विष अंगात भिनतंय. पाय काढावा लागेल, आणि तो इथे निघणार नाही. शहरातल्या रुग्णालयात न्यायला हवं. लवकर.”

“वाचेल?”

“नेलं तर कदाचित. नाही नेलं तर नाही.”

नावाड्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “एका पायावर होडीत उभं राहता येत नाही,” तो म्हणाला. पूल झाल्यापासून होडी पालथी पडली आहे हे मैना त्याला सांगणार होती, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून गप्प राहिली. “पोर येऊ दे,” तो पुढे म्हणाला. “ती आली की बघू.”

पोर येणार कशी? डॉक्टरांनी फोन लावून दिला आणि सिस्टरांच्या हातात दिला. पलीकडून अगदी दबक्या आवाजात एक मुलगी चांगलं इंग्रजी बोलत होती. ती म्हणाली की म्हातारीचा आत्ता डोळा लागलाय, म्हणून ती न्हाणीघरात उभी राहून बोलतेय. दुसरी बाई मिळाल्याशिवाय तिला सुट्टी नाही.

सिस्टरांनी पायाची स्थिती सांगितली. आडपडदा ठेवला नाही. मुलीनं जे विचारलं त्यावरून ती काम जाणणारी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ताप किती, लघवी होते का, माणसं ओळखतात का.

“तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?” शेवटी ती म्हणाली.

“नेलं असतं,” सिस्टर म्हणाल्या.

“मग न्या. मी त्यांच्याशी बोलते. तुम्ही बरोबर जाल?”

“जाईन.”

नावाड्यानं फोन कानाला लावला. आधी त्यानं मोठ्यानं वाद घातला, मग हळू आवाजात, मग नुसताच ऐकत राहिला. फोन परत देताना त्यानं सिस्टरांकडे पाहिलं नाही. “चल, परदेशी,” एवढंच म्हणाला.

दवाखान्याच्या जीपमध्ये मागच्या बाकावर गादी टाकली. सलाइनची बाटली हुकाला अडकवली. मैना पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, आणि सिस्टर मागे खाली टेकून, एक हात बाटलीच्या नळीवर आणि एक म्हाताऱ्याच्या छातीवर ठेवून. ऊन चांगलं वर आलं होतं. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक हिसक्याला तो दात आवळायचा, आणि सिस्टर त्यांना येत असलेला शब्द वापरायच्या, “श्वास घ्या.”

पूल येईपर्यंत तो निमूट होता. पुलावर गाडी चढली आणि खिडकीतून त्याला नदी दिसली. तो कोपरावर उठायला लागला. सिस्टरांनी त्याला खाली दाबलं. त्यानं त्यांचं मनगट धरलं आणि बोलायला लागला, आधी मोठ्यानं, मग रडत. सिस्टरांना त्यातला एकच शब्द कळत होता, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. घर.

“काय म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

मैना पुढे बघत म्हणाली, “काही नाही. नदी बघून बरं वाटलं म्हणतोय.”

“मैना.”

“खाली उतरवा म्हणतोय,” मैनेचा आवाज चिरकला. “घरी न्या म्हणतोय. मरायचं तर घरी मरू दे म्हणतोय. आत्या, थांबवू या का गाडी?”

ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि मागे पाहिलं. सिस्टरांनी बाटलीकडे बघितलं, म्हाताऱ्याच्या नखांकडे बघितलं. शहर अजून बरंच लांब होतं. पण तिथे शस्त्रक्रियेची खोली होती, रक्त होतं, औषधं होती. इतक्या वर्षांत पेशंट नको म्हणाला म्हणून त्यांनी कधी सलाइन काढलं नव्हतं.

“पुढे चला,” त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याला ते कळलं. तो बोलायचा थांबला. मनगट मात्र त्यानं सोडलं नाही. थोड्या वेळानं त्याला धाप लागली. सिस्टरांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गाडी बाजूला घ्यायला लावली, जे करायचं ते सगळं केलं. झाडाखाली उभ्या असलेल्या त्या जीपमध्येच तो गेला. आजूबाजूला माणूस नव्हतं. मैना रडत होती आणि ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघत उभा होता. मग तो चढला, त्यानं कुणाला न विचारता गाडी वळवली, आणि त्याच पुलावरून ती माणसं परत आली.

मुलीला फोन सिस्टरांनीच केला. पलीकडून “बोला” असं आलं, आणि सिस्टरांच्या तोंडून आपोआप निघालं, “तुझे वडील गेले गं. शांतपणे गेले. त्यांना काही त्रास झाला नाही.”

मुलगी म्हणाली, “बरं.”

हे वाक्य सिस्टरांनी आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नव्हती. वॉर्डाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या बायकांना, धावत आलेल्या मुलांना. नव्या मुली कामावर आल्या की त्यांनाही त्या हेच शिकवत. लांबड लावायची नाही. आवाज खाली ठेवायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि सांगायचं, शांतपणे गेले. माणसांना त्या वेळी माहिती नको असते, आधार हवा असतो.

साथीच्या दिवसांत त्यांची स्वतःची आई त्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर होती. खालचा वॉर्ड सिस्टरांकडे होता. माणसं जमिनीवर निजवलेली, जागचं हलायला सवड नाही. जरा हात मोकळे झाले तेव्हा त्या जिना चढायला लागल्या, तर वरून त्यांच्याच हाताखाली तयार झालेली एक नर्स उतरत होती. वॉर्डात सगळे तिला छोटी म्हणत. छोटी दोन पायऱ्या वर थांबली, तिनं सिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली ठेवून सांगितलं, “आई गेल्या सिस्टर. शांतपणे गेल्या.”

शिकवलं होतं तसंच, हुबेहूब. सिस्टरांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं. पण त्या दिवसापासून आईचा शेवट मनात आणायला गेलं की त्यांना आई दिसतच नसे. जिना दिसे, छोटीचा पांढरा बूट दिसे आणि ते वाक्य ऐकू येई.

नावाड्याचं जे करायचं ते शेजाऱ्यांनी केलं. मुलगी आली तेव्हा ते सगळं आटोपून गेलं होतं. ती सकाळी, रांग नुकतीच लागत असताना दवाखान्यात आली. हातावर जाड कोट टाकलेला, इथल्या हवेत तो अगदीच वेडा दिसत होता. खांद्याला एक पिशवी. डोळे लाल, पण रडून नव्हे, जागून. ड्रेसिंगच्या खोलीत आल्या आल्या तिनं पिशवी खाली ठेवली, नळापाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि मग सिस्टरांचे हात हातात घेतले. मैनेनं तिला लहानपणापासून पाहिलेलं. मैना तिच्या गळ्यात पडून रडली. मुलीनं तिला थोपटलं. ती स्वतः रडली नाही.

खाटेच्या कडेला बसून ती म्हणाली, “तुम्ही फोनवर म्हणालात, शांतपणे गेले.”

“हो.”

“आत्ताच्या म्हातारीच्या आधी मी एका आजोबांकडे होते. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलाला मीच फोन केला. मीही त्याला हेच सांगितलं. आजोबांनी आदल्या दिवशी माझ्या अंगावर बशी फेकली होती. शेवटपर्यंत ओरडत होते. मुलगा मला म्हणाला, थँक यू, माझ्या मनावरचं ओझं उतरलं. म्हणून मला ते वाक्य चांगलं माहीत आहे. मला खरं काय झालं ते सांगा.”

मैना घाईघाईनं तिच्या भाषेत काहीतरी बोलायला लागली. मुलीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मावशी, तू नको सांगूस. तू मला आई गेली तेव्हाही फुलासारखी गेली म्हणून सांगितलं होतंस. यांना सांगू दे.”

सिस्टरांनी दाराकडे बघितलं. बाहेर रांग होती. कामाचं निमित्त काढून उठता आलं असतं. त्या उठल्या, त्यांनी दार लोटलं आणि परत येऊन स्टुलावर बसल्या. असं सांगायची त्यांना सवय नव्हती.

“पुलापर्यंत ठीक होते,” त्या म्हणाल्या. “दुखत होतं, पण सोसत होते. पुलावर त्यांना नदी दिसली. मग ते उठायला लागले. घरी न्या म्हणाले. मरायचं तर घरी मरू दे म्हणाले.”

“मग?”

“मी गाडी थांबवू दिली नाही.”

मुलीची नजर हलली नाही. “घाबरले होते?”

“हो. फार. रडत होते. माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. मी पुढे चला म्हटलं ते त्यांना कळलं. मग बोलले नाहीत. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. रागावले होते.”

“असं रागावले की ते तोंड असं खाली ओढतात,” मुलगी म्हणाली आणि तिनं स्वतःचं तोंड तसं केलं.

“हो. तसंच.”

“पुढे?”

“धाप लागली. मी डोकं मांडीवर घेतलं. छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. पण दम पुरत नव्हता. घशात आवाज येत होता. तो थांबायला थोडा वेळ लागला. लगेच नाही थांबला.”

“माझं नाव घेतलं?”

आता मैनेनं तोंडावर हात ठेवला. सिस्टरांनी क्षणभर डोळे मिटले. हो म्हणणं किती सोपं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुझं नाव मला ठाऊक होतं. मी कान देऊन होते. नाही घेतलं. शेवटचा शब्द घर हाच होता.”

मुलगी रडायला लागली, ओंजळीत तोंड घालून, लहान मुलासारखी हुंदके देत. सिस्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्या नुसत्या समोर बसून राहिल्या.

“तुम्ही नेलंत ते मीच सांगितलं होतं,” रडणं ओसरल्यावर ती म्हणाली. “तुमच्या जागी मी असते तर मीही थांबवली नसती. पण मला कळायला हवं होतं. विमानात बसल्यापासून मला ते दिसतच नव्हते. डोळे मिटले की काहीच नाही. आता दिसताहेत.” तिनं बाहीनं नाक पुसलं. “तोंड खाली ओढून.”

ती जरा मागे टेकली. मैना पाणी आणायला गेली आणि ग्लास घेऊन आली तोवर मुलीला तिथेच, ड्रेसिंगच्या खाटेवर, पाय खाली लोंबकळत असताना झोप लागली होती. सिस्टरांनी तिचे बूट काढले, पाय वर घेतले आणि तो जाड कोट तिच्या अंगावर घातला.

डॉक्टर आत डोकावले. “सिस्टर, खाट लागेल ना?”

“नाही लागणार,” सिस्टर म्हणाल्या. “मी बाहेर करते.”

त्यांनी आणि मैनेनं अडून बसणारी ट्रॉली उचलूनच व्हरांड्यात नेली. एक बाक भिंतीला लावला, त्यावर स्वच्छ कापड अंथरलं. रांगेत मैनेनं आधीच बातमी पसरवली होती. एरवी कोंबड्यांसारखी कलकल करणारी माणसं दबक्या आवाजात बोलत होती. एका बाईनं रडणाऱ्या तान्ह्याला घेऊन अंगणाच्या टोकाशी फेऱ्या घालायला सुरुवात केली.

हातमोजे घालायच्या आधी सिस्टर व्हरांड्याच्या पायरीवर गेल्या आणि त्यांनी फोन काढला. कुठला नंबर लावायचा हे त्यांनी ठरवलं नव्हतं, हातानंच लावला. तिकडे घंटा वाजली.

“सिस्टर?” छोटीचा आवाज खुलला. “अहो, कुठून बोलताय? बऱ्या आहात ना?”

“बरी आहे. ड्युटीवर आहेस?”

“हो. पण सवड आहे आत्ता.”

“मग एक सांग. माझी आई कशी गेली?”

मागे वॉर्डातली खडखड ऐकू येत होती. ओळखीची, जेवणाच्या गाडीची.

“सिस्टर, आता कशाला ते?”

“सांग. मी विचारलं नव्हतं, ते आता विचारतेय.”

छोटी बोलली तेव्हा तिचा आवाज वेगळाच झाला होता. “त्या कुणाला ओळखत नव्हत्या. मला चोर म्हणत होत्या. प्राणवायूचा मास्क सारखा ओढून काढत होत्या, सिस्टर. काढला की निळ्या पडायच्या. माझ्याकडे तेव्हा सगळेच पेशंट तसे होते, एकीजवळ बसून राहता येत नव्हतं. मी… मला हात बांधावे लागले त्यांचे. खाटेला.”

सिस्टरांनी पायरीचा कठडा धरला.

“कशानं बांधलेस?”

“गॉजच्या पट्टीनं. खाली कापूस घातला होता.”

“सैल होते?”

“हो. दोन बोटं जातील इतके. तुम्ही शिकवलेत तसे.” छोटी आता रडत होती. “शेवटी सोडले मी. कळलं मला, आता उपयोग नाही, तेव्हा सोडले. मग त्यांनी माझ्या ॲप्रनचा खिसा धरून ठेवला. काही बोलल्या नाहीत. सिस्टर, मी तुम्हाला कसं सांगणार होते?”

“बरोबर केलंस,” सिस्टर म्हणाल्या. “मीही तेच केलं असतं. बांधलेही असते आणि सोडलेही असते.” “जा आता. तोंड धुऊन घे आणि वॉर्डात जा.”

त्यांनी फोन खिशात टाकला. समोर अंगणाच्या टोकाशी ती बाई अजून तान्ह्याला फिरवत होती. मग त्या बाकापाशी आल्या, हात धुतले, हातमोजे घातले आणि स्टुलावर बसल्या. पहिला नंबर एका थकलेल्या म्हातारीचा होता, घोट्यावर भाजलेली. सिस्टरांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टीचं टोक शोधून ती सोडायला सुरुवात केली. जुनी पट्टी चिकटली होती. पाणी सोडून, हळूहळू सोडवावी लागत होती.

तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन्ही हातांत मोजे, त्यांना ते पुसता येईना, आणि जखम उघडी टाकून उठताही येईना. म्हातारीनं वाकून पाहिलं. तिनं आपल्या बाहीचं टोक बोटावर ओढलं, सिस्टरांचे दोन्ही डोळे एकामागून एक टिपले, आणि मग मागे सरून बसत पाय पुन्हा नीट, न हलवता, त्यांच्या मांडीवर धरला.